जड कामात ठणठणीत, हलक्या कामात आडवा: एका ८७००के प्रोसेसरचं प्रकरण

मशीन असं: इंटेल कोअर आय७-८७००के प्रोसेसर, झेड३७० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४-३२०० रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक, दोन टॉवरचा मोठा एअर कूलर, ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. दिवसा व्हिडिओ एडिटिंग आणि थ्रीडी रेंडर, रात्री गेम. प्रोसेसर सगळ्या सहा कोअरवर ५ गिगाहर्ट्झला चढवलेला, म्हणजे कंपनीच्या वेगापेक्षा जास्त पळवलेला (ओव्हरक्लॉक).

तक्रार मात्र उलट्या बाजूची होती. सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी अर्धा तास फिरवली तरी काही होत नसे. तीन-तीन तासांचे रेंडर बिनबोभाट पूर्ण होत. पण ब्राउझर उघडून पाचसहा टॅब एकदम रीलोड केले की दिवसाआड एकदा तरी स्क्रीन गोठायचा. कधी ब्लू स्क्रीन यायचा आणि त्यावर ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’. गेमचं लोडिंग संपून खेळ सुरू होण्याच्या नेमक्या क्षणीही दोनदा हेच झालं. भरीस भर म्हणून एक मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (पडताळणीचा आकडा न जुळल्याची चूक) आला आणि रीस्टार्टनंतर तीच फाइल विनातक्रार उघडली.

या सगळ्यात घाबरण्यासारखी गोष्ट झिपची. ब्लू स्क्रीन निदान दिसतो. चुकीची बेरीज करून पुढे निघून जाणारा प्रोसेसर दिसत नाही. झिपमध्ये पडताळणीची सोय असते म्हणून चूक पकडली गेली, एडिट होत असलेल्या फुटेजमध्ये ती कुणी पकडणार नव्हतं.

मालकाने केलेला इलाज नेहमीचाच: व्होल्टेज वाढवलं. १.३६ चं १.३८ केलं, मग १.४०. क्रॅश तसेच राहिले आणि रेंडरमध्ये तापमान ९७ अंशांवर गेलं. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश, त्यापुढे तो स्वतःच क्लॉक पाडतो.

तपासणीला घेताना बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) जे होतं ते आधी कागदावर उतरवलं. मल्टिप्लायर ५०, बेस क्लॉक १०० (दोघांचा गुणाकार म्हणजे कोअरचा वेग, मेगाहर्ट्झमध्ये). कोअर व्होल्टेज फिक्स्ड, १.४०. लोडलाइन कॅलिब्रेशन (लोडवर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते ठरवणारं सेटिंग) सर्वांत कडक पातळीवर. रिंगचा (कोअर आणि कॅशे जोडणाऱ्या भागाचा) मल्टिप्लायर ४७. एव्हीएक्स ऑफसेट (एव्हीएक्स या जड गणिती सूचना चालताना मल्टिप्लायर जितका उतरवायचा तो आकडा) शून्य. रॅमला एक्सएमपी (जास्त वेगाचं तयार प्रोफाइल) चालू. सिस्टिम एजंट आणि आयओ ही मेमरी कंट्रोलरशी संबंधित दोन्ही व्होल्टेज ऑटोवर. म्हणजे चार-पाच गोष्टी एकाच वेळी बदललेल्या होत्या. त्यातली कुठली दगा देते हे अशा अवस्थेत कुणालाच सांगता येत नाही, म्हणून पहिलं काम सगळं मूळपदावर आणायचं.

डिफॉल्ट लोड करताना एक फसगत होते. बऱ्याच बोर्डांवर मल्टिकोअर एनहान्समेंट नावाचं सेटिंग असतं. ते चालू राहिलं तर ‘डिफॉल्ट’ म्हणून सगळे कोअर ४.७ वर धावतात. कंपनीच्या हिशोबात ४.७ हा फक्त एका कोअरचा टर्बो (आपोआप मिळणारा जादा वेग) आहे, सहाही कोअर एकत्र असतील तर ४.३. काही बोर्डांवर एक्सएमपी चालू करताच हे सेटिंगही गुपचूप चालू होतं. ते बंद केलं. मग प्राइम-९५ (प्रोसेसरला गणितांनी ताणून चूक पकडणारा प्रोग्राम) लावल्यावर क्लॉक ४.३ च्याही खाली घसरला. तो बिघाड नव्हे, ९५ वॉटची पॉवर मर्यादा आपलं काम करत होती. अर्धा तास एकही चूक नाही. म्हणजे चिप मुळात निरोगी होती. व्होल्टेज वाढवत राहिलेल्या मशीनवर ही खात्री करायलाच हवी, कारण चिप झिजलेली असेल तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते.

एकेक संशयित

पहिला संशय रॅमवर. प्रोसेसर डिफॉल्टवर ठेवून फक्त एक्सएमपी चालू केलं. ८७००के-चा अधिकृत आकडा डीडीआर४-२६६६ आहे, त्यामुळे ३२०० हेही मेमरी कंट्रोलरचं ओव्हरक्लॉकिंगच. मेमटेस्ट८६ चे चार पास पूर्ण, चूक शून्य. पण मॉनिटरिंगमध्ये एक गोष्ट सापडली: ऑटोवर सोडलेलं सिस्टिम एजंट व्होल्टेज बोर्डाने १.३० पर्यंत नेलं होतं. या रॅमला तेवढ्याची गरज नव्हती. हाताने सिस्टिम एजंट १.१५ आणि आयओ १.१० केलं, पुन्हा चार पास, पुन्हा शून्य. रॅम निर्दोष सुटली आणि प्रोसेसरवरचा थोडा फुकटचा ताप गेला.

पॉवर सप्लाय: पूर्ण लोडवर १२ व्होल्टची रेल ११.९ दाखवत होती, एटीएक्सच्या मर्यादेत म्हणजे ११.४ ते १२.६ मध्ये अगदी आरामात. व्हीआरएमचं (मदरबोर्डावरून प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या सर्किटचं) तापमान ८२. दोघांवरचा संशय सोडला.

तिसरा संशय बहुतेकांच्या डोक्यात पहिला येतो: मशीन रिकामं असताना सी-स्टेटमुळे (प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्थांमुळे) व्होल्टेज फार खाली जात असेल. तपासायला सोपं आहे. जुनी सेटिंग परत भरली, व्होल्टेज १.३६ वर ठेवलं आणि मशीन रात्रभर नुसतं डेस्कटॉपवर सोडलं. सकाळी जिवंत. सी-स्टेट बंद करून दुसऱ्या रात्री तेच केलं, तरी तेच. म्हणजे निव्वळ रिकामपण हा दोष नव्हता. त्याच सेटिंगवर प्राइम-९५ ची ‘स्मॉल एफएफटी’ ही कोअरना सर्वांत जास्त ताणणारी चाचणी, एव्हीएक्स बंद ठेवून, एक तास: तेही पास.

रिकामा असताना ठीक, भरलेला असताना ठीक. मग पडतो कुठे? मधल्या पायरीवर. त्यासाठी प्राइम-९५ वीस सेकंद चालू, दहा सेकंद बंद असं चक्र लावलं. सुमारे अर्ध्या तासात मशीन गोठलं. पुन्हा लावलं, पुन्हा तासाच्या आत. इतके दिवस ‘दिवसाआड कधीतरी’ येणारा क्रॅश आता हवा तेव्हा आणता येत होता. क्रॅश असा हुकमी झाला की निम्मं काम झालं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काय होतं

विंडोजच्या सिस्टिम लॉगमध्ये ‘व्हीआ-लॉगर’ (विंडोजचा हार्डवेअरच्या चुका टिपणारा भाग), इव्हेंट १९ अशा नोंदी होत्या. दुरुस्त झालेली हार्डवेअर चूक, प्रकार ‘इंटर्नल पॅरिटी एरर’. ही नोंद असली तरी मशीन चालूच राहतं, म्हणून कुणी बघत नाही. प्रत्येक नोंदीत प्रोसेसरचा एपीआयसी आयडी, म्हणजे चूक कुठे झाली ते सांगणारा क्रमांक असतो. इथे तो कधी ६, कधी ७. हायपरथ्रेडिंगमुळे एका कोअरला दोन आयडी मिळतात: ० आणि १ पहिल्याचे, २ आणि ३ दुसऱ्याचे. ६ आणि ७ म्हणजे चौथा कोअर.

नंतर एव्हीएक्स चालू ठेवून प्राइम-९५ लावलं तेव्हा चाळीसेक सेकंदांत चौथ्या वर्करच्या खिडकीत ओळ आली: ‘फेटल एरर: राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’. बाकी पाच वर्कर धावत होते, हा एकटा थांबला. दोन वेगळ्या साधनांनी एकाच कोअरकडे बोट दाखवलं. एका सिलिकॉनवरचे सहा कोअर जुळे नसतात. सगळ्यांना एकच व्होल्टेज मिळतं आणि ते सर्वांत कच्च्या कोअरला पुरावं लागतं.

लिहिलेलं व्होल्टेज आणि मिळालेलं व्होल्टेज

या प्रकरणाची मेख इथे आहे. बायोसमध्ये आपण जो आकडा लिहितो तो प्रोसेसरला मिळत नाही, मिळावा अशी रचनाही नाही. करंट वाढला की व्होल्टेज ठरावीक उताराने खाली येतं. हा उतार मुद्दाम ठेवलेला असतो. उतार १ मिलिओहम आणि करंट १२० अँपिअर असेल तर १२० मिलिव्होल्ट कमी होतात. लोडलाइन कॅलिब्रेशन हा उतार कमी करतं. सर्वांत कडक पातळीवर तो जवळजवळ सपाट होतो.

मालकाला हीच सपाटी आवडली होती. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये रिकामा असताना १.३६, लोडवर १.३६, आकडा हलतच नाही. पण एचडब्ल्यूइन्फो डिफॉल्टला दर दोन सेकंदांनी एकदा वाचतं आणि सहा कोअर एकदम जागे होतात तेव्हाचा झटका मायक्रोसेकंदांचा असतो. करंट अचानक १०० अँपिअरने उडी मारतो, व्हीआरएमला ते कळून व्होल्टेज सावरेपर्यंत वेळ जातो आणि तेवढ्यात व्होल्टेज खड्ड्यात पडून वर येतं. लोड सुटताना उलट, वर उसळी. उतार ठेवलेला असेल तर रिकामं व्होल्टेज मुळात वर असतं, म्हणून खड्ड्याचा तळ लोडवरच्या नेहमीच्या व्होल्टेजच्या फार खाली जात नाही. सपाट रेषेत खड्डा थेट कामाच्या व्होल्टेजखाली खणला जातो. शिवाय कडक पातळीवर व्हीआरएम जास्त आक्रमकपणे सावरतो, त्यामुळे वरखाली होणं वाढतं. सिनेबेंचमध्ये असे झटके कमी, कारण लोड एकसंध असतो. टॅब रीलोड होताना, गेम लोड होताना, झिप उघडताना झटकेच झटके.

सिद्ध करायला एकच गोष्ट बदलली. लोडलाइन मधल्या पातळीवर आणली आणि बायोसमधला आकडा इतका वाढवला की लोडवर पुन्हा बरोबर १.३६ दिसेल. त्यासाठी १.४३ लिहावं लागलं. हे ठेवण्यासाठी नव्हतं, फक्त प्रयोगापुरतं. लोडवरचं व्होल्टेज तेच, क्लॉक तोच, रिंग तीच. वीस-दहाचं चक्र दोन तास चाललं आणि काहीही झालं नाही.

पातळ्यांच्या नावांबद्दल सावध राहायला हवं. आसूसच्या बोर्डांवर मोठा आकडा म्हणजे जास्त कडक, एएसरॉक आणि एमएसआयवर पातळी १ सर्वांत कडक. दुसऱ्याचं ‘लेव्हल ४’ आपल्या बोर्डावर तसंच्या तसं टाकण्यात अर्थ नाही. रिकामं आणि लोडचं व्होल्टेज मोजून फरक काढावा, तो आकडा खरा. सेन्सरच्या वाचनातही दोन उणिवा आहेत. पुष्कळ बोर्डांवर ते सॉकेटजवळ मोजलं जातं, म्हणून लोडवर प्रत्यक्ष सिलिकॉनला त्याहून कमीच मिळतं. आणि बऱ्याचदा आकडा १६ मिलिव्होल्टच्या टप्प्यांत सरकतो: १.२६४, मग थेट १.२८०. बायोसमध्ये ५ मिलिव्होल्टने खेळत बसणाऱ्याला इथे काहीच बदललेलं दिसत नाही.

शिडी

आता क्लॉक नव्याने चढवायचा होता. लोडलाइन मधली, रिंग ४४ वर, पॉवर मर्यादा वर ढकललेली, सी-स्टेट चालू. रिंग आणि कोअर या प्रोसेसरमध्ये एकाच व्होल्टेजवर चालतात, त्यामुळे रिंग ताणली की सहाही कोअरांना विनाकारण जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. ४७ ची रिंग बेंचमार्कच्या आकड्यात जेमतेम दिसते, गेममध्ये त्याहून कमी.

प्रत्येक पायरीवर नियम एकच: स्मॉल एफएफटी, एव्हीएक्स बंद, एक तास, चूक नाही आणि व्हीआ-लॉगरची नोंदही नाही. चूक आली तर व्होल्टेज एक टप्पा वर. लोडवर वाचलेले किमान आकडे असे निघाले. ४.७ ला १.१८४. ४.८ ला १.२१६. ४.९ ला १.२६४. ५.० ला १.३४४, तापमान ९६ अंश.

पायऱ्यांची उंची बघा: ३२ मिलिव्होल्ट, मग ४८, मग ८०. पहिली पायरी सहज चढता येते, शेवटची भिंत आहे. वीज साधारण व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. ४.७ पासून ५.० पर्यंत क्लॉक ६.४ टक्के वाढतो, वीज आणि उष्णता सुमारे ३७ टक्के. आणि ही चिप उष्णता सहज सोडत नाही, कारण ८७००के-मध्ये सिलिकॉन आणि धातूच्या झाकणामध्ये सोल्डर नसून थर्मल पेस्ट आहे. झाकण काढून आत लिक्विड मेटल लावणारे लावतात. त्याने तापमान बरंच उतरतं, पण रोजीरोटीच्या मशीनवर तो धोका पत्करण्यात शहाणपण नाही. वॉरंटी तर ओव्हरक्लॉकनेच जाऊ शकते.

५.० सोडून दिलं. मालक नाराज झाला, हे खरं. पाच हा आकडा गोल आहे, एवढाच त्याचा मोठेपणा.

४.९ साठी १.२६४ हे काठावरचं व्होल्टेज होतं. त्यावर एक टप्पा राखीव ठेवून लोडवर १.२८० धरलं. खोली तापली, कूलरमध्ये धूळ साठली की काठावरचं सेटिंग पहिलं पडतं. बायोसमध्ये त्यासाठी १.३४५ लिहिलं गेलं. लोडवर करंट सुमारे ११० अँपिअर, म्हणजे घसरण ६५ मिलिव्होल्ट आणि उतार ०.६ मिलिओहमच्या आसपास.

एव्हीएक्सचा प्रश्न वेगळा सोडवला. एव्हीएक्सच्या सूचना एका फटक्यात जास्त आकडे चालवतात, करंट आणखी वाढतो, व्होल्टेज आणखी घसरतं. नेमकं जास्त हवं तेव्हा कमी मिळतं. ऑफसेट १ ठेवून म्हणजे ४.८ वर तापमान ९६, नापसंत. ऑफसेट २ ठेवून ४.७ वर लोडचं वाचन १.२६४, तापमान ८९, एक तास स्वच्छ. याची किंमत समजून घ्यायला हवी: रेंडर इंजिन एव्हीएक्स वापरतं, म्हणून मुख्य काम आता ४.७ वर चालतं. क्लॉकच्या हिशोबाने ५.० च्या तुलनेत तीन तासांच्या रेंडरला अकरा-बारा मिनिटं जास्त. गेम आणि बाकी बहुतेक कामं ४.९ वर.

अ‍ॅडॅप्टिव्हचा फसलेला प्रयत्न

फिक्स्ड व्होल्टेज अनेकांना खुपतं: रिकामा असताना १.३४५ कशाला? म्हणून अ‍ॅडॅप्टिव्ह (वेगानुसार व्होल्टेज आपोआप वरखाली करणारा प्रकार) लावून बघितलं. ४.९ वर सगळं तसंच राहिलं. पण एव्हीएक्सची चाचणी लावताच लोडचं वाचन १.२६४ वरून १.२१६ वर आलं आणि दोन मिनिटांत चौथा वर्कर पडला.

कारण साधं आहे, पण चटकन लक्षात येत नाही. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये आपण लिहिलेलं व्होल्टेज कंपनीच्या कमाल टर्बोच्या वरच्या मल्टिप्लायरलाच लागू होतं. ४.७ हा या प्रोसेसरचा कमाल टर्बो. ऑफसेटने क्लॉक तिथे उतरला की प्रोसेसर स्वतःच्या तक्त्यातलं व्होल्टेज मागतो आणि आपला आकडा बाजूला पडतो. त्यावर आपण बदललेली लोडलाइन बसली की तक्त्यातला हिशोब कोलमडतो. पर्याय दोन: एसी लोडलाइन (प्रोसेसरच्या व्होल्टेजच्या मागणीत भर घालणारं सेटिंग) वाढवत बसायचं किंवा फिक्स्ड ठेवायचं. इथे फिक्स्ड ठेवलं. सी-स्टेट चालू असताना झोपलेल्या कोअरांची वीजच तोडली जाते, त्यामुळे रिकाम्या मशीनच्या वीजवापरात फरक किरकोळ पडतो.

याचा अर्थ हलक्या कामातलं उंच व्होल्टेज निरुपद्रवी असतं असं मात्र नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांमधली अस्थिरता आठवावी. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतली सर्किट झिजत होती. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ०x१२९ मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनासंचाच्या दुरुस्तीने) ती मागणी १.५५ व्होल्टवर अडवली. १.३४५ त्यापासून दूर आहे, पण प्रयोगासाठी लिहिलेलं १.४३ दोन तासांतच काढून टाकलं ते याचसाठी.

शेवटची तपासणी

अंतिम सेटिंगवर चाचण्या या क्रमाने झाल्या: सिनेबेंच आर२३ ची अर्ध्या तासाची फेरी, स्मॉल एफएफटी एव्हीएक्ससह एक तास, मग वीस-दहाचं चक्र चार तास. रात्रभर प्राइम-९५ चं ‘लार्ज एफएफटी’, कारण त्यात रॅम, मेमरी कंट्रोलर आणि कोअर एकदम ताणले जातात आणि वेगवेगळे पास झालेले भाग एकत्र आल्यावर पडू शकतात. वाय-क्रंचर या ‘पाय’चे अंक काढणाऱ्या प्रोग्रामच्या काही फेऱ्या, कारण त्याचा लोड सतत वरखाली होतो. दहा वेळा स्लीप करून जागं केलं. शेवटी ती झिप वीस वेळा उघडून प्रत्येक वेळी चेकसम (पडताळणीचा आकडा) ताडला, वीसही वेळा जुळला.

पुढचे तीन आठवडे सिस्टिम लॉगवर व्हीआ-लॉगरचा फिल्टर लावून ठेवला होता. एकही नोंद आली नाही. एखादी आली असती तर ‘मशीन तर चालू आहे’ म्हणून सोडून न देता बायोसमध्ये १० ते १५ मिलिव्होल्ट वाढवायचे किंवा मल्टिप्लायर ४८ करायचा, एवढंच ठरलं होतं.

सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करून शिवाय प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला आहे. बायोस अपडेट केलं की बहुतेक बोर्डांवर जुनी प्रोफाइल उडते. अपडेटनंतर त्याच पातळीवर लोडलाइनचा उतार तोच राहील असंही गृहीत धरता येत नाही. तेव्हा आधी लोडवर १.२८० दिसतं का ते बघायचं, मग वीस-दहाचं चक्र पुन्हा लावायचं.